राखलेले दात

खंडेनवमीला आमच्या घरात वाद्यांची पूजा होते आणि माझ्या दातांची तपासणी होते. दुसऱ्या कुणाच्या घरात अशी पद्धत असेल असं मला वाटत नाही. मंगळवार पेठेत आमचा ब्रास बँड आहे, वडिलांनी काढलेला. त्यांना सगळी पेठ गुंडू मास्तर म्हणते, आम्ही आबा म्हणतो. त्या दिवशी सकाळी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशे, झांजा पुसून सतरंजीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. बँडमधली माणसं, शेजारी, जुनी ओळखीची असे वीस-पंचवीस जण जमतात. प्रसाद वाटायच्या आधी आबा मला पुढं बोलावतात.

"सया, आ कर."

मी आ करतो. आबा अंगठ्यानं माझे पुढचे दात एकेक करून दाबून बघतात आणि लोकांकडे वळून म्हणतात, "बघा. एका पोराचं तरी राखलं मी."

मी सदतीस वर्षांचा आहे. माझी मुलगी दहावीत आहे. तरी आ करतो. बाजारात बैलाचे दात बघतात तसलाच प्रकार, फक्त बैलाला निदान शेवटी गिऱ्हाईक तरी मिळतं.

आबांच्या या हट्टामागं कारण आहे. आबा क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्याएवढं गोड वाजवणारा माणूस कोल्हापुरात नव्हता असं जुने लोक सांगतात, आणि जुने लोक नेहमी असंच सांगतात, पण हे खरं असावं. क्लॅरिनेटचा माउथपीस वरच्या पुढच्या दातांना टेकवून धरावा लागतो. दातच नसले तर सूर धरता येत नाही. आबांचे पुढचे दात छत्तिसाव्या वर्षी हलायला लागले. कीड नाही, दुखणं नाही. पांढरेशुभ्र दात, पण एकमेकांपासून लांब सरकत गेले आणि एका लग्नात वरातीच्या आधी जेवताना एक भाकरीबरोबर हातात आला. वर्षभरात पुढचे चारही गेले. क्लॅरिनेट पेटीत गेलं. आबा मास्तर म्हणून पुढं चालायचे, हातवारे करायचे, पण वाजवणं संपलं.

मग माझा मोठा भाऊ, अमरसिंह. मी त्याला दादा म्हणतो. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आबांनी त्याला दहाव्या वर्षापासून शिकवलं. एकविसाव्या वर्षी त्याच्याही पुढच्या दातांत फट पडायला लागली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो आणि दोन महिन्यांपासून शिकत होतो. एक गाणं मला पूर्ण येत होतं. आबांनी दादाच्या तोंडात बोट घालून बघितलं, मग माझ्याकडे आले, माझ्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेतलं आणि माझ्या गळ्यात ढोल अडकवला.

"फुकून फुकून दात ढिलं हुत्यात," आबा म्हणाले. "माझं गेलं, हेचं चाललं. तुझं मी न्हाय जाऊ देणार. हातानं वाजव. तोंडानं न्हाय."

मी चार दिवस जेवलो नाही. पाचव्या दिवशी जेवलो. त्यानंतर पंचवीस वर्षं मी ढोल वाजवतोय, दादाच्या पाठीमागं दोन पावलांवर. दादानं तिसाव्या वर्षापर्यंत ओढलं, मग त्याचेही पुढचे दात गेले. आता तो हातगाडीवर कीबोर्ड वाजवतो. आबा त्याला अजून म्हणतात, "तू लई दाबून वाजवलंस." बँडमधलं क्लॅरिनेट बंद झालं त्याला सोळा वर्षं झाली. पाठीमागं चालताना दादाचा प्रत्येक सूर मी तोंडातल्या तोंडात वाजवायचो, जिभेवर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय उपयोग होता.

यंदा उन्हाळ्यात माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ब्रश लाल व्हायचा. कुरुंदवाडला आमची आत्ती असते, आबांची बहीण, बनाबाई. तिच्याकडे गेलतो तेव्हा तिनं मिशरीची डबी पुढं केली. तंबाखू भाजून केलेली काळी पूड. "लाव जरा. रगात थांबतंय." लावली. खरंच थांबलं. मी खूश. दोन-अडीच महिने रोज सकाळी लावत होतो, बायकोला वास येऊ नये म्हणून वर दोनदा चूळ भरत होतो. रक्त नाही म्हणजे रोग नाही, असा माझा सरळ हिशेब. आत्तीच्या तोंडात स्वतःचा एक दात नाही हे मला दिसत होतं, पण तिचे दात मिशरीनं गेले असं घरात सगळे म्हणायचे, आणि मी तर दोनच महिने लावत होतो.

मग एक दिवस आरशात बघितलं तर पुढच्या दोन दातांत फट. कागद जाईल एवढी. दात बोटानं हलवला, हलला.

बायकोनं ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर सबिना मॅडम, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. दात दिसत होते, पण दातांना धरणारं हाड अर्ध्यावर खाली गेलेलं होतं. उघड्या पडलेल्या खुंटांसारखे दात.

"मिशरी लावताय?" त्यांनी विचारलं.

"दोन महिनं झालं. रक्त येतंय म्हणून."

"तंबाखूनं रक्त थांबतं, रोग थांबत नाही. तो नुसता झाकला जातो. आणि हे दोन महिन्यांचं नाही. दहा-बारा वर्षं चाललंय."

मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, "घरात कुणाचे दात लवकर गेले?"

मी सांगायला लागलो. आजोबांचे गेले, पण ते बैलगाडीच्या शर्यतीत गाडीवरून तोंडावर पडले होते. आबांचे गेले, क्लॅरिनेटमुळं. आत्तीचे गेले, मिशरीमुळं. दादाचे गेले, दाबून वाजवल्यामुळं. मॅडम पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढत होत्या, आणि ज्याचे दात गेले तो आतून काळा करत होत्या. आजोबा काळे. आबा काळे. आत्ती काळी. दादा काळा. खाली माझा चौकोन काढला आणि तोही काळा केला.

"हिरड्यांत जंतू सगळ्यांच्याच असतात," त्या म्हणाल्या. "काही घराण्यांत शरीर त्या जंतूंवर जरुरीपेक्षा जास्त चिडतं, आणि त्या भांडणात स्वतःचंच हाड खातं. ते रक्तातून येतं. प्रत्येकाला होईलच असं नाही, पण धोका मोठा असतो. तंबाखूनं आणखी वाढतो."

मी त्या कागदाकडे बघत होतो. माझ्या घरात पाच माणसांचे दात गेले किंवा चालले होते आणि चौघांना आम्ही चार वेगवेगळी कारणं शोधून दिली होती. इतकी सोयीची कारणं, की कुणी कुणाच्या कारणाकडे बघितलंच नाही. त्या पाच जणांत क्लॅरिनेट वाजवणारे दोनच.

"मॅडम, मी क्लॅरिनेट वाजवलं असतं तर माझे आधी गेले असते?"

"मुळात ढिले झालेले दात वाजवण्यानं थोडे जास्त हलतात. पण हा रोग वाजवण्यानं होत नाही. वाजवलं असतं किंवा नसतं, हिरड्यांची काळजी वेळेत घेतली असती तर राहिले असते."

मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि हिरडीच्या आतली सफाई सुरू केली. माझा वरचा ओठ, नाक, गालाचा अर्धा भाग मेला. सुई, खरवडणं, पाणी, सगळं दुसऱ्याच कुणाच्या तोंडात चाललंय असं वाटत होतं. बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेतला तर तो हनुवटीवरून शर्टावर. बायको रुमाल शोधत होती आणि विचारत होती, काय झालं, काय वाटतंय. मला काहीच वाटत नव्हतं. राग यायला पाहिजे होता. पंचवीस वर्षं ढोल. राग यायला अगदी योग्य जागा होती. आला नाही. गाल दोन तासांनी जागा झाला, मी नाही झालो.

मॅडमनी मुलीलाही आणायला सांगितलं होतं. क्रांती, माझी एकुलती एक. पंधरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये बासरी वाजवते, आणि वर्षभर आबांच्या मागं लागलीय की मला क्लॅरिनेट शिकवा. आबांचं एकच उत्तर, न्हाय. तिला खुर्चीत बसवून मॅडमनी बारीक सळईनं प्रत्येक दाताची हिरडी मोजली. मागच्या दोन दाढांजवळ सुरुवात झालेली होती.

"एकदम सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या. "लवकर सापडलं. सफाई, थोडं औषध आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. हिचे दात टिकतील."

क्रांतीनं खुर्चीतूनच विचारलं, "आणि मी क्लॅरिनेट वाजवू शकतो का, मॅडम?" ती स्वतःबद्दल पोरासारखंच बोलते, पेठेतल्या सगळ्या पोरी बोलतात तशी.

"खुशाल."

घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, "पप्पा, मग आबास्नी सांगा की."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हटलं न्हवं."

सांगितलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज संध्याकाळी आबांसमोर बसायचो, ते टीव्हीवर कुस्ती बघायचे, आणि मी शब्द जुळवायचो. आबा बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचं क्लॅरिनेट गेलं, आई गेली, वराती डीजेवाल्यांनी नेल्या. त्यांच्याजवळ मिरवायला एकच गोष्ट उरली होती, माझे पुढचे दात. आणि मी त्यांना सांगायचं काय? की ते मुळी राखलेच गेले नव्हते. माझ्या हातातून जे घेतलं ते फुकट घेतलं. आणि नाही सांगितलं तर क्रांतीच्या हातात ते कधीच येणार नाही. आबा नाही म्हणाले म्हणजे पेटीला कुलूप, आणि त्यांचा शब्द मोडून दादाही तिला शिकवणार नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

नवमीच्या चार दिवस आधी मॅडमनी माझे पुढचे सहा दात आतल्या बाजूनं बारीक तारेनं एकत्र बांधले, हलू नयेत म्हणून. त्यावर दाताच्याच रंगाचा लेप लावला. बाहेरून काही दिसत नाही. ते उपचारासाठी होतं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण खुर्चीतून उठताना मी जिभेनं दात ढकलून बघितले आणि ते दगडासारखे घट्ट लागले, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की यंदाची तपासणी पार पडणार. माणूस किती हलकट असतो बघा.

नवमीला सगळं नेहमीसारखं झालं. सतरंजी, हळदकुंकू, नारळ. आबांनी पांढरा फेटा बांधला होता. दादा कीबोर्डजवळ उभा होता. क्रांती दाराला टेकून माझ्याकडे बघत होती.

"सया, आ कर."

मी आ केला. आबांनी अंगठा ठेवला आणि दाबला. एक, दोन, तीन, चार. तार आत होती, दात जागचे हलले नाहीत. मला त्यांच्या अंगठ्याला लागलेल्या हळदीचा वास येत होता. एवढंच.

"बघा," आबा लोकांकडे वळले. "औंदा तर आणि घट्ट. एका पोराचं तरी राखलं मी."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमची नजरच तशी." मी तोंड मिटलं. झालं होतं. आता पुढच्या नवमीपर्यंत काही नाही.

तेवढ्यात क्रांती पुढं आली. "आबा, मला शिकवा की. सगळ्यांच्या म्होरं इचारतोय."

लोक हसले. आबा हसले नाहीत. "न्हाय बाळा. तुजं बी राखायचं हाय मला." त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड तिच्याकडे वळवलं. "बापाचं बघ. मी तवाच हिसकावून घेतलं, म्हणून हाईत. दातच गेलं तर पोरीच्या जातीला कोण इचारतंय?"

क्रांती माझ्याकडे बघत होती. माझ्या दातांकडे नाही, माझ्या डोळ्यांत. मॅडमच्या दवाखान्यात ती सगळं ऐकून बसली होती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मी तिच्या आजोबांच्या हातात हनुवटी देऊन गप्प उभा होतो. मी अजून एक क्षण गप्प राहिलो असतो तर ती काही बोलली नसती. मागं फिरली असती. मी बारा वर्षांचा असताना फिरलो तसा.

मी आबांचा हात धरला, त्यांचं बोट माझ्या तोंडात घातलं आणि दातांच्या मागं टेकवलं.

"हातास लागतंय काय?"

आबा गोंधळले. "काय हाय ते?"

"तार हाय. बांधल्यात. न्हायतर हाललं असतं. माझं बी चाललंय, आबा."

मी सांगत गेलो. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, भाव सांगणाऱ्या माणसासारखा सपाट. चौकोन आणि गोल सांगितले. आजोबा, आत्ती, दादा, मी. क्रांतीच्या दाढा सांगितल्या. रक्तातून येतंय, म्हणालो. फुकून न्हाय जात. फुकलं न्हाय तरी जात्यात.

आबांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी तू वाजवलं न्हाईस तरी?"

"व्हय."

"मी तुज्याकडनं घेतलं न्हसतं तरी येवढंच झालं असतं?"

"व्हय, आबा."

मी खोटं बोलू शकलो असतो. तुमच्यामुळं निदान दहा वर्षं जास्त टिकले, असं काहीतरी. ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं. क्रांती उभी होती म्हणून बोललो नाही.

दादा कीबोर्डमागून म्हणाला, "आन माजं? माजं दाबून वाजवल्यानं न्हाय गेलं?"

"न्हाय, दादा."

दादानं मान खाली घातली आणि कीबोर्डवरचं कापड नीट करत राहिला. ते आधीच नीट होतं. लोकांनी प्रसाद हातात घेतला आणि एकेक करून चपला घातल्या. कुणी जेवायला थांबलं नाही.

आबा दुपारभर आतल्या खोलीत होते. बायकोनं ताट नेऊन ठेवलं, ते तसंच परत आलं. मला काळजी वाटायला पाहिजे होती. मी माझा ढोल आवळत बसलो, जो आवळायची काही गरज नव्हती.

चार वाजता आबा बाहेर आले. फेटा काढलेला होता. त्यांनी सतरंजीवरून क्लॅरिनेट उचललं, माउथपीसला वेताची नवी पट्टी बसवली आणि क्रांतीला हाक मारली. ओठ कसे मिटायचे, दात कुठं टेकवायचे, गाल का फुगवायचे नाहीत, हे ते तिला बोळक्या तोंडानं सांगायला लागले. क्रांतीनं फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा एक फाटका सूर निघाला, आणि तिचं सगळं तोंड हसलं.

मग आबा माझ्याकडे वळले. "तू बी बस."

"मी?"

"अजून दात हाईत तुला. मी बी हाय अजून. दोगास्नी शिकवतो. बस."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं मनात ऐकत होतो. किती वेगवेगळ्या तऱ्हांनी. कधी आबा रस्त्यात थांबून म्हणायचे, कधी मरताना म्हणायचे. दर वेळी मी पळत जायचो. आता ते समोर बसून खरोखर म्हणत होते, आणि मी वाट बघत होतो, की आत काहीतरी हलेल. जिभेवर दादाचे सूर शोधले. कधीपासून बंद झाले होते कोण जाणे.

"बाराव्या वर्षी लई पायजे हुतं, आबा," मी म्हणालो. "आता काय वाटंना झालंय."

"वाटंल की. हातात घे तर आधी."

मी हातात घेतलं. जड होतं. परत दिलं.

"न्हाय वाटत, आबा."

आबांचा चेहरा पडला. त्यांनी मला पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारली, "सयाजी," आणि म्हणाले, "चुकलं रं माजं." मग ते रडायला लागले, पोरीसमोर, दार उघडं असताना. क्रांती घाबरून थांबली. मी तिला म्हणालो, तू वाजव. आणि आबांच्या शेजारी जाऊन बसलो. मलाही रडू येईल म्हणून बराच वेळ बसलो. आलं नाही.